पितळी बूच

१

बोट बुडाली नव्हती, पण तरंगत होती असंही म्हणवत नव्हतं. काठोकाठ पाणी भरून ती चॅफी तळ्याच्या धक्क्यापासून पन्नास हातांवर लव्हाळ्यात रुतून बसली होती. आत माणूस नव्हता.

नोरीन उरियार्तेनं शौचालयं धुवायची बादली तिथंच खाली ठेवली. सकाळचे साडेसहा वाजले होते. नेवाडाच्या त्या उंच माळावर सप्टेंबरात एवढ्या सकाळी तोंडातून वाफ निघते, आणि दुपारी त्याच माळावर दगडाला हात लावायची सोय नसते. नोरीन सहासष्ट वर्षांची. शाळेची बस चालवून निवृत्त झालेली, नवरा गेल्यापासून दर उन्हाळ्यात या तळ्याकाठच्या तंबूतळाची यजमानीण. सरपणाच्या मोळ्या द्यायच्या, शौचालयं घासायची, आणि दहानंतर गाणी वाजवणाऱ्याची त्याच्या बायकोदेखत हजेरी घ्यायची. एवढ्यावर तिचा उन्हाळा मजेत जाई.

बोट तिनं लगेच ओळखली. डाव्या अंगाला हिरवं ठिगळ असलेली, पत्र्याची, वेंडेल टॅगर्टची. वेंडेलचा ट्रक धक्क्याच्या उतारावर उभा होता, मागे बोटीचा गाडा रिकामा.

"वेंडेल!" तिनं हाक मारली. तळ्यावरची चार बदकं तेवढी उडाली.

चौदा नंबरच्या जागेवर वेंडेलच्या तंबूत झोपायची पिशवी घडीच्या घडी होती. शेजारच्या राहायची सोय असलेल्या गाडीत त्याचा धाकटा भाऊ लाइल घोरत होता. नोरीननं त्याला हलवून उठवलं.

"वेंडेल कुठंय?"

"मला काय विचारतेस? गेला असेल त्याच्या लाडक्या बोटीतून." लाइलनं डोळे चोळले. मग त्यानं तिचा चेहरा पाहिला. "काय झालं, नोरीन?"

तिनं नुसतं तळ्याकडे बोट केलं. बहात्तर वर्षांचा तो माणूस पायात बूटही न घालता, पिवळ्या शर्टानिशी धावत सुटला.

२

उद्यानाचा अधिकारी ग्लेन हॅस्किन्स पंधरा मिनिटांत आला. मागोमाग शेरीफचा माणूस ऑर्टेगाही आला. दोघांनी कमरेएवढ्या पाण्यात उतरून बोट ओढून आणली, उलटी केली, आणि ग्लेननं मान हलवली.

"बूच नाही. तळाचं भोक सताड उघडं. संपलं, नोरीनबाई. बूच लावायला विसरला, बोट भरली, म्हातारा पाण्यात गेला. तळ्यात आहे तो."

बाहेरच्याला हे वेडेपणाचं वाटेल. पण या मुलुखात नियमच तसा आहे. एका तळ्यातले शिंपले पाण्याबरोबर दुसऱ्या तळ्यात जाऊ नयेत म्हणून बोट रस्त्यावर आली की तळाचं बूच काढून ठेवायचं, नाहीतर दंड. आणि पुन्हा पाण्यात सोडताना ते लावायचं राहून जातं. ज्याची बोट आहे त्याची एकदा तरी अशी फजिती झालेली असतेच. मग काठावरचे लोक वर्षभर त्याला 'पाणबुडीवाला' म्हणून चिडवतात.

"वेंडेल विसरेल?" नोरीन म्हणाली. "अरे, तो ते बूच ट्रकच्या किल्लीला अडकवून ठेवतो. मुद्दाम. किल्ली हातात आली की बूच हातात आलं पाहिजे म्हणून."

ती ट्रककडे गेली. किल्ली लावलेल्या जागीच होती. खाली जुडग्यात अंगठ्याएवढं पितळी बूच लोंबत होतं.

"बघा. चौऱ्याहत्तर वर्षांचं वय," ग्लेन हळूच म्हणाला. "होतं असं."

"आणि मोटर? मोटरचा पंखा अजून वर उचललेला आहे, ग्लेन. तेलाची नळीसुद्धा जोडलेली नाही. मासे मारायला निघालेला माणूस मोटर पाण्यात न सोडता जाईल कसा? हातानं पाणी ढकलत?"

ग्लेन वाकून मोटर बघू लागला. ऑर्टेगानं मात्र वही काढली. "म्हणजे बोट कुणीतरी नुसतीच ढकलून दिली, असं म्हणता?"

"असंच म्हणते. आणि त्याची काठी कुठंय? नवा गुडघा बसवल्यापासून काठीशिवाय पाऊल टाकत नाही तो. ती तंबूत नाही, ट्रकमध्ये नाही, आणि लाकडाची असून पाण्यावरही नाही. काल दुपारी मला विचारत होता, ग्लेन कधी परत येतोय, त्याला काहीतरी दाखवायचंय. मी म्हटलं, उद्या. तर म्हणाला, उद्या सकाळी पहिलं काम तेच. असा माणूस सकाळी मासे मारायला जाईल होय?"

मनात आशा धरून ती हे बोलत होती. वेंडेल गेली बारा वर्षं दर सप्टेंबरात या तळ्यावर येत होता. नवरा गेला त्या वर्षी तो रोज सकाळी कॉफीचा थर्मास घेऊन तिच्या पायरीवर बसायचा आणि एक शब्द बोलायचा नाही. त्या न बोलण्यावर तिनं तो उन्हाळा काढला होता. आता तो माणूस गाळात पडलाय, हे कबूल करायला तिची जीभ वळेना.

ऑर्टेगाला मात्र त्यात दुसरंच दिसलं. "बोट ढकलून दिली असेल तर हा अपघात नाही," तो म्हणाला. "मग काल संध्याकाळी त्याला 'बूड एकदाचा त्या तळ्यात' असं कोण ओरडलं होतं? सगळ्या तंबूतळानं ऐकलंय म्हणे."

तिघांनी तळ्याकडे पाहिलं. लाइल छातीएवढ्या पाण्यात उभा होता, लव्हाळं दोन्ही हातांनी फाडत होता.

३

नोरीननं जुडग्यातलं बूच काढून खिशात टाकलं. तो पुरावा आहे वगैरे ऑर्टेगा ओरडेपर्यंत ती काठाशी पोचली होती.

"लाइल, बाहेर ये. ओठ निळे पडलेत तुझे."

"तिकडे खोल आहे. तिकडे नाही बघितलं अजून." त्याचे दात वाजत होते. तो चार पावलं बाहेर येई, थरथरे, पुन्हा आत जाई. तिनं बूच पुढे केल्यावर त्यानं ते पाहिलं आणि कपाळावर हात मारला. "हे बाहेर कसं? तीस वर्षं गाडा मी जोडून देतो आणि ओरडतो, बूच! मग तो ओरडतो, लावलं! त्याशिवाय ट्रक मागे घेत नाही तो."

"भांडण कशावरनं झालं?"

"नेहमीचंच. बोटीत चल म्हणाला, मी नाही म्हणालो. मग भित्रा म्हणाला, सगळ्यांदेखत. माझंही डोकं फिरलं." त्यानं मनगटानं नाक पुसलं. "काठी घेऊन निघून गेला. मी झोपलो, नोरीन. तो परत आला का नाही हेही न बघता मी झोपलो!"

तो पुन्हा पाण्यात गेला. मागून ऑर्टेगा म्हणाला, "नाटक बरं करतो." नोरीननं त्याच्याकडे अशी नजर टाकली की बसमधली पोरं जागच्या जागी बसली असती.

चौदाच्या शेजारी दोनच जागा भरलेल्या होत्या. पंधरावर डोडी ब्रॅनिगन, निवृत्त परिचारिका, आणि तिचा भुंकरा कुत्रा. वेंडेलचं आणि त्या कुत्र्याचं पहिल्या दिवसापासून वैर होतं. सोळावर रॉस पेल्टियर, रेनो शहराहून आलेला, पन्नाशीचा, गोडबोल्या.

"हे कुणाचं पडलंय गं? शौचालयापाशी सापडलं," नोरीननं डोडीला विचारलं.

डोडीनं बूच पाहिलं मात्र. "अगं बाई, बोटीचं बूच! कुणाचं राहिलं? बुडेल ना मेला!" आणि स्वतःचेच शब्द ऐकून तिनं तोंडावर हात ठेवला. "वेंडेलचं? देवा! कुत्र्यावरून मी काय काय बोलले त्याला. काल जेवणानंतर तो रागारागानं निघाला ते मी पाहिलं. कुठं गेला ते नाही पाहिलं. या बाळाला खायला घालत होते."

सोळावर पेल्टियर सामान आवरत होता. खरं तर त्याची जागा परवापर्यंत होती.

"निघालात?"

"मन लागत नाही हो, बाईसाहेब. एवढा भला माणूस गेला." तो मान हलवत म्हणाला. "मी पंचवीस वर्षं तळ्यांवर मासे मारतोय, घरी स्वतःची बोट आहे. पण असं कधी पाहिलं नाही. पाण्याशी खेळ नको."

"खरंय. बरं, हे तुमचं पडलंय का?"

त्यानं बूच हातात घेतलं, उलटसुलट फिरवलं आणि हसून परत दिलं. "नळाचं दिसतंय काहीतरी. तुमच्याच खात्यातलं असेल. बघा, एखादा संडास गळत असेल."

नोरीनही हसली. पण बूच तिनं खिशात मुठीत घट्ट धरून ठेवलं. आणि त्यानं हात पुढे केला तेव्हाच तिला तो वास आला होता. गोडसर, कुबट, जुन्या मुताचा. या वासाचं नाव तिला ठाऊक होतं, पण जिभेवर येईना.

तेवढ्यात धक्क्याकडून डोडीची किंकाळी आली. "अहो, लाइलला बेड्या घालतायत!"

४

"थांब!" नोरीन इतक्या जोरात ओरडली की ऑर्टेगा खरंच थांबला. लाइल ब्लँकेट गुंडाळून, हातांत बेड्या, ऑर्टेगाच्या गाडीला टेकला होता. शोधपथकाच्या दोन बोटी तळ्यात गळ टाकून फिरत होत्या. साडेदहा वाजले होते, ऊन चढत होतं.

"पाच मिनिटं माझं ऐका. मग हवं तर मलाही न्या." तिनं बूच वर धरलं. "ज्यानं बोट सोडली त्यानं ट्रक चालवला. म्हणजे किल्ली फिरवताना हे त्याच्या मांडीला लागत होतं. बोटीतलं कळणाऱ्यानं काय केलं असतं?"

"लावलं असतं," ग्लेन म्हणाला. "किंवा अपघात वाटावा म्हणून मुद्दाम नसतं लावलं."

"शाब्बास. पण एवढा पोचलेला माणूस मोटर वर ठेवून बोट सोडेल? त्यानं मोटर खाली केली असती, नळी जोडली असती. दोन्ही नाही. म्हणजे बूच मुद्दाम ठेवलेलं नाही, ते काय आहे हेच त्याला ठाऊक नव्हतं. बनाव रचायला गेला आणि बोट पाण्यात गेल्या गेल्या भरायला लागली. तो अंधारात बघत राहिला असेल. लांब जायची ती इथंच लव्हाळ्यात अडकली."

ती वळली. पेल्टियर गाडीत बसण्याच्या बेतात होता, पण ग्लेनची गाडी आडवी होती. तो तोंडावर काळजी आणून जवळ येऊन उभा राहिला होता.

"लाइल तीस वर्षं या बुचासाठी ओरडतोय. डोडीनं बघताक्षणी ओळखलं. तळाला भोक असतं हे माहीत नसलेला इथं एकच माणूस आहे. आणि तो म्हणतो, माझी स्वतःची बोट आहे! हे हातात घेऊन मला सांगतो, संडासाचं असेल."

"अहो, चूक होते माणसाची!" पेल्टियर हसला. "या बाईंना उन्हाचा त्रास होतोय."

"पाच दिवसांत यांच्या शेगडीवर मासा नाही शिजला, ग्लेन. मी राख काढते, मला कळतं. मासेमार नाही, तर हे इथं करतात काय? हात बघ यांचे. फावड्याचे फोड. नखांत पांढरी धूळ. आणि जवळ जाऊन वास घे."

तोच वास. आणि आता तिला आठवलं. तिचा बाप स्पेनच्या बास्क मुलुखातून मेंढ्या राखायला या डोंगरात आला होता. वादळात कपारीत राहून घरी आला की आई त्याला अंगणातच कपडे उतरवायला लावायची. 'उंदरांच्या कपारीत निजलास ना? आत पाऊल टाकू नकोस!' घुशीएवढ्या उंदरांनी शेकडो वर्षं तिथं काटक्या आणि मूत साठवलेलं. तो वास आठ-आठ दिवस जात नाही. तळ्याच्या वरच्या कड्यात कपारी तीन होत्या, पण उंदरांची एकच. इथल्या मूळ रहिवासी पायूट लोकांच्या पूर्वजांच्या टोपल्या आणि हाडं तिथल्या कोरड्या धुळीत पुरलेली होती. त्यांना हात लावणं हा गुन्हा, आणि चोरांचा डोळा नेमका त्यांवरच.

"वेंडेलनं तुम्हाला उकरताना पाहिलं," ती पेल्टियरला म्हणाली. "ग्लेनला तेच दाखवायचं होतं त्याला. काल रागात निघाला तो पुन्हा तिकडेच गेला, आणि तुम्ही तिथं होता. माणूस डोंगरात हरवला तर कुत्री घेऊन लोक डोंगर धुंडाळतील आणि तुमचा खड्डा सापडेल. तळ्यात हरवला तर सगळे पाण्यात बघतील. आत्ता बघतायत तसे! सांगा, जिवंत ठेवलाय का त्याला?"

पेल्टियरच्या तोंडावरचं हसू गळून पडलं. "मी वकिलाशिवाय एक शब्द बोलणार नाही."

कायद्याच्या माणसानं त्याला अजून काही विचारलंच नव्हतं. ऑर्टेगानं लाइलच्या हातातल्या बेड्या काढल्या.

"गाडी तपासायला परवानगी लागेल, दोन तास तरी..." तो म्हणू लागला.

"तू तपास गाडी," नोरीन म्हणाली. "मला गाडीशी काय करायचंय? डोडी, तुझी औषधांची पेटी घे. पाणी घे, मिळेल तेवढं."

५

जुनी बैलगाडीची वाट अर्ध्या डोंगरापर्यंत जाते. तिथून पुढे सेज नावाच्या रानटी झुडपांतून पायी. ग्लेन पुढे, मागे नोरीन, तिच्यामागे पेटी सांभाळत डोडी. लाइलला खाली गाडीतच बस म्हटलं होतं. तो अर्थातच ऐकेना. तो धापा टाकत मागे राहिला होता.

अकरा वाजून गेले होते. दगड तापले होते. सबंध रात्र थंडीत, मग हे ऊन, आणि चौऱ्याहत्तर वर्षांचं शरीर. नोरीन मनातल्या मनात हिशेब मांडत होती आणि मोडत होती. आपलं चुकलं असेल तर? तो खरंच तळ्यात असेल तर?

वाटेत काठी सापडली. मोडलेली, दोन तुकडे.

"वेंडेल!"

उत्तर नाही. तिनं पुन्हा हाक मारली. आपलाच आवाज तिला परका वाटला.

वरून एक खडा घरंगळत आला. मग दुसरा. तो खडा कुणीतरी टाकला होता. नोरीन हातापायांवर चढत वर गेली.

कपारीच्या तोंडाशी वेंडेल पालथा पडला होता. डावा पाय मांडीपासून वेडावाकडा, ओठ फुटलेले, पांढऱ्या धुळीनं माखलेला. मागे अंधारात खड्डा होता. त्यात त्याला ढकलून पेल्टियर खिशातल्या किल्ल्या घेऊन निघून गेला होता. मोडक्या पायानं तो रात्रभर सरपटत उजेडापर्यंत आला होता. डोडीनं कापूस भिजवून त्याच्या ओठांवर धरला. नोरीननं त्याचं डोकं मांडीवर घेतलं आणि ती रडायला लागली, उघडउघड, ग्लेनसमोर.

"किती उशीर," तो पुटपुटला. "घसा बसला ओरडून. सगळं दिसत होतं इथनं. ट्रक. बोटी. तुम्ही सगळे मला पाण्यात शोधत होतात."

"मूर्ख आहोत आम्ही. बोलू नकोस."

"एक पिवळा ठिपका होता." तो बोलतच राहिला. "उजाडल्यापासून. पाण्यात जाई, बाहेर येई, पुन्हा जाई. बोटवाले थांबत, तो थांबत नव्हता. कोण गं तो वेडा?"

"लाइल."

वेंडेलनं तिच्याकडे पाहिलं. त्याला ते खरं वाटलं नाही हे तिला दिसलं.

"लाइल नाही. लाइल पाण्यात उतरत नाही. घोट्यापर्यंतसुद्धा नाही."

"गळ्यापर्यंत होता. आम्हीच ओढून काढला."

तो खाली तळ्याकडे बघत राहिला. डोडी पायाला फळी बांधत होती, तरी त्यानं हूं की चूं केलं नाही.

"सहा वर्षांचा होता," मग तो म्हणाला. "गुरांच्या हौदात मी ढकललं होतं त्याला. गंमत म्हणून. वर आलाच नाही लवकर. बाबांना कधी सांगितलं नाही मी. त्यानंही नाही. आणि काल त्यालाच मी भित्रा म्हणालो, नोरीन. सगळ्यांदेखत."

खाली झुडपं मोडल्याचा आवाज झाला. लाइल दगडांना धरत धरत वर आला. पिवळा शर्ट अजून ओला होता, अंगाला चिकटलेला. भावाला बघून तो मधेच उभा राहिला, मग गुडघ्यांवर बसला, मग काय करावं ते न कळून त्यानं वेंडेलचा चांगला पाय दोन्ही हातांनी धरला.

"काल मी जे बोललो ना, बूड म्हणालो..."

"पाणी फार गार होतं का रे?" वेंडेलनं विचारलं.

"हो," लाइल म्हणाला. वेंडेलनं धुळीनं पांढरा झालेला हात पुढे केला आणि त्याच्या ओल्या शर्टाची बाही घट्ट धरून ठेवली.